सुया ओवायची शिक्षा

माझ्या नोकरीचं नाव 'प्रोबेशन ऑफिसर'. सरकारी मराठीत 'परिविक्षा अधिकारी'. हा शब्द आमच्या कचेरीतल्या शिपायालाही एका दमात म्हणता येत नसे. नोकरीला लागून कितीतरी वर्षं झाली, तरी कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीतल्या आमच्या शेजारणी आईला विचारायच्या, "लेक अजून प्रोबेशनवरच व्हय? पर्मनंट कवा करणार तिला?" आई सुरुवातीला समजावून सांगायची. नंतर तीच कंटाळली आणि "करतील की पुढच्या वर्षी" असं सांगून मोकळी व्हायला लागली.

तेव्हा काम काय होतं ते आधी सांगते. एखाद्यावर गुन्हा शाबीत झाला, पण गुन्हा पहिलाच आहे, माणूस अट्टल नाही, याला तुरुंगात घालून आणखी बिघडवण्यापेक्षा घरी ठेवून सुधारता येईल, असं न्यायाधीशांना वाटलं, की ते आमच्याकडून अहवाल मागवत. मग आम्ही एसटीनं त्या गावी जायचं. आईबाप, शेजारी, शाळेतले मास्तर यांच्याशी बोलायचं आणि लिहून द्यायचं : माणूस कसा आहे, सुधारेल का. कोर्टाला पटलं तर चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्याला सोडत आणि ठरावीक मुदत तो आमच्या देखरेखीखाली राही. म्हणजे गुन्हेगार, पण तुरुंगात नाही. सुटलेला, पण निर्दोष नाही. हे मधलं काहीतरी लोकांच्या डोक्यात कधी बसलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात तरी ते पुरतं बसलं होतं का, याची आज शंका येते.

एकदा शहरातल्या एका मारामारीच्या खटल्यात असा आदेश झाला. आरोपीची आई कोर्टातून घरी गेली आणि तिनं 'पोरगं सुटलं' म्हणून गल्लीत पेढे वाटले. मार खाल्लेल्याच्या बापानं त्याच संध्याकाळी, त्याच गल्लीत, 'गुन्हा शाबीत झाला' म्हणून पेढे वाटले. समोरासमोरची घरं. दोन्हीकडचे पेढे खाल्लेला एक म्हातारा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. "मॅडम, नक्की कोण जिंकलंय एवढं सांगा. कुणाचं अभिनंदन करायचं राहिलंय ते मला कळंना झालंय." मी त्याला कलमं समजावली. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "म्हंजे तुमाला पण ठाव न्हाय."

गावातली चौकशी तर त्याहून अवघड. एकाच माणसाला वरच्या आळीत 'देवमाणूस' आणि खालच्या आळीत 'पैल्यापासनंच नासका' म्हणत. गावच्या सहकारी सोसायटीच्या निवडणुकीत कोण कुणाच्या पॅनेलमध्ये होतं ते कळल्याशिवाय मी कुणाचं मत लिहून घेत नसे. ही अक्कल मात्र कुठल्या प्रशिक्षणात मिळाली नाही.

प्रशिक्षणावरून आठवलं. नव्वदीच्या मध्यावर आम्हाला पुण्याला बोलावलं होतं. जगभर फिरून आलेले एक प्राध्यापक बोलायला होते. फार छान बोलत. त्यांनी सांगितलं, अमेरिकेत काही ठिकाणी तिसऱ्या गुन्ह्याला थेट जन्मठेप द्यायचा कायदा झालाय. मी लिहून घेतलं. पुढच्या तासाला सांगितलं, नॉर्वे-स्वीडनकडे शिक्षा कमी ठेवतात, तुरुंगही घरासारखे असतात. तेही लिहून घेतलं. मग न्यूझीलंडवर आले. तिथं अल्पवयीन मुलानं गुन्हा केला, की तो, त्याच्या घरचे आणि ज्याचं नुकसान झालं तो, असे सगळे गोल करून बसतात. शिक्षेऐवजी भरपाई कशी व्हावी हे तिथंच बोलून ठरतं. मधे टेबल ठेवायचं नाही, कारण टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस साहेब होतो. मी हात वर करून विचारलं, "सर, एकाच काळात एक देश शिक्षा वाढवतो, दुसरा कमी करतो, तिसरा गोल बसवतो. यातलं बरोबर कुठलं?" ते हसले. "यावर गेली दोनशे वर्षं वाद चालू आहे, मॅडम." चहाची वेळ झाली होती, सगळे उठले.

मला मात्र ते गोल बसणं मनापासून पटलं होतं. आपल्याकडच्या खटल्यात ज्याला लागलं तो माणूस साक्ष देतो आणि घरी जातो. पुढं सगळं सरकार विरुद्ध आरोपी. आमच्या अहवालातही सगळे रकाने आरोपीचेच होते : त्याचं शिक्षण, त्याची संगत, त्याच्या घरची परिस्थिती.

त्यानंतर लवकरच महावीरची केस आली.

कोडोलीच्या पुढचं एक गाव. महावीर विशी ओलांडलेला, जैन शेतकरी कुटुंबातला, वारणानगरला डेअरीत कामाला. आरोपीचं नाव महावीर आणि गुन्हा दगड मारल्याचा, यावर कोर्टात कारकूनसुद्धा हसले होते. सोसायटीच्या निवडणुकीचा निकाल लागला, गुलाल उधळत जिंकलेल्यांची जीप निघाली आणि हरलेल्या बाजूच्या महावीरनं दगड भिरकावला. जीप पुढं गेली. दगड रस्त्यापलीकडच्या शिवणकामाच्या दुकानात, मशीनवर वाकलेल्या सुनंदाच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा गेला.

सुनंदा तिशीच्या आसपासची, त्याच समाजातली, लग्न न झालेली. आजूबाजूच्या चार गावांच्या लग्नातले ब्लाउज तिच्याकडे यायचे. महावीरनं कोर्टात गुन्हा कबूल केला, आणि न्यायाधीशांनी माझ्याकडून अहवाल मागवला.

मी महावीरच्या घरी गेले. आई विधवा, मुलगा कष्टाळू, आधीची भानगड नाही. दुसऱ्या पॅनेलवालेही त्याच्याविरुद्ध काही बोलेनात, हे विशेष. अहवाल सरळ होता. पण परत येताना मी सुनंदाच्या दुकानाची पायरी चढले. नियमात ते नव्हतं.

"तुमी त्याच्याकडच्या का माझ्याकडच्या?" तिनं पहिल्यांदा हेच विचारलं.

"सरकारकडची."

"म्हंजे त्याच्याकडच्याच. माझ्याकडं सरकार आलं न्हाय अजून."

मी तिला ते गोल बसण्याचं सांगितलं. न्यूझीलंड म्हटलं नाही, 'एका देशात' म्हटलं. ती बराच वेळ कापडावर खडूनं रेघा मारत राहिली. मग म्हणाली, "आणा त्याला. बसू दे समोर."

एका रविवारी आम्ही बसलो. दुकान लहान, मशीन हलवता येईना. त्यामुळे गोल झाला तो मशीनभोवती. सुनंदा, तिचे वडील तवनाप्पा, महावीर, त्याची आई आणि मी. बाहेर निम्मं गाव.

महावीरच्या आईनं पदर डोळ्याला लावला. "पोरी, चुकलं गं त्याचं."

तवनाप्पा सज्जन माणूस. हात जोडून म्हणाले, "झालं ते झालं. आमी दरसाल पर्युषण झाल्यावर सगळ्यांची क्षमा मागतो, सगळ्यांला क्षमा करतो. मी केली क्षमा."

"आप्पा," सुनंदा म्हणाली, "तुमचा डोळा न्हाय गेला."

मग कुणीच बोलेना. पुण्याच्या सरांनी सांगितलं होतं, शांतता असू द्या. मी असू दिली. शेवटी महावीर जमिनीकडं बघत म्हणाला, "आक्का, मी तुला न्हवता मारला. जीपला मारलता."

आमच्याकडच्या खेड्यातल्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. सुनंदाही तशीच बोलली. "त्येच तर. मला मारायचा म्हणून मारला असतास, तर निदान मी कोण तरी होतो. भांडलो असतो तुझ्याशी. तू मारलास जीपला. मी नुसता शिवत बसलोतो. मला सांग, मी मधी कुटं आलो?"

कायद्याच्या पुस्तकात याला उत्तर आहे. हेतू कोणता, जाणीव किती, निष्काळजी कितपत. मला ते पाठ होतं. प्रश्न मात्र तिनं पुस्तकाला विचारला नव्हता.

सुनंदानं सुया टोचायच्या छोट्या गादीतली एक बारीक सुई काढली, दोरा काढला, महावीरच्या हातात दिला. "ओव."

त्यानं दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं. दोनतीनदा चुकला, मग दोरा गेला.

"आता डावा डोळा झाक आणि ओव."

त्यानं डोळ्यावर हात धरला तर सुई धरायला हात उरेना. आईनं मागून त्याच्या डोळ्यावर हात ठेवला. तो दोरा पुढं न्यायचा आणि दोरा सुईच्या अलीकडून नाहीतर पलीकडून जायचा. घाम फुटला त्याला.

"दिसतंय की सुई. मग का जाईना?"

"लांब हाय का जवळ, त्ये कळंना."

"हां," ती म्हणाली. "मशीनची सुई बोटाच्या अंदाजानं जमतीया आता. हातशिलाईच्या जमत न्हाईत. दर सोमवारी यायचं. आठवड्याच्या सुया ओवून, रंगारंगानं लावून ठेवायच्या. बाकी मला काय नको तुझं."

न्यायाधीशांसमोर मी हे मांडलं तेव्हा ते माझ्याकडं बघतच राहिले. वयस्कर, जपून बोलणारे गृहस्थ. "बाई, हा दंड आहे, मजुरी आहे, की प्रायश्चित्त?"

"साहेब, मलाही ठरवता येत नाही."

"कायद्यात सुई कुठं आहे?"

त्यांनी पेन फिरवलं, थांबले, पुन्हा फिरवलं. आरोपीनं देखरेख अधिकाऱ्याच्या वाजवी सूचना पाळाव्यात, असं त्यांनी आदेशात लिहिलं आणि मला म्हणाले, "आदेश माझा. सुई तुमची."

महावीर सोमवारी यायला लागला. डेअरीची पाळी संपवून सायकलवरून थेट दुकानात. पायरीवर बसायचा, सुया ओवायचा, रंगानुसार गादीत टोचून ठेवायचा आणि जायचा. सुनंदा त्याच्याशी बोलत नसे. पोरं मात्र बोलत. चौकातल्या हॉटेलात त्याचं नाव 'टेलर' पडलं. परगावचं कुणी आलं की लोक दाखवायचे, "पावणं, ते बगा आमच्या गावचा कैदी. खुल्ला हाय, पण सुईला बांधलाय."

एकदा तो रडवेला होऊन माझ्या कचेरीत आला. "मॅडम, जेलला पाठवा की मला. जेलातनं आलेल्याला गावात जरा वचक तरी असतोय. हितं बाया हसत्यात."

"तिला डोळा नाही, महावीर."

"त्येच म्हणतो. मी जेलात गेलो असतो तर सारखं बगायला तर लागलं नसतं."

मला वाटलं, आता काहीतरी घडतंय. हेच तर अपेक्षित आहे. पुढच्या प्रशिक्षणात पुण्याला ही केस आपणच सांगायची, म्हणून मी मनातल्या मनात भाषणाची तयारीही सुरू केली होती.

पावसाळा सरला तसं दुकानातलं वातावरण सैल झालं. सुनंदा एखादं वाक्य बोलायची. "लाल जरा जास्ती ओव, लग्नं हाईत." कधी तो तिच्या मशीनला तेल घालून द्यायचा. मी गेले की दोघंही मला चहा प्यायला लावायची, जणू पाहुणी मीच.

आणि मग एक दिवस गावातले नाना माझ्या कचेरीत आले. नाना म्हणजे समाजातले वजनदार गृहस्थ, लग्नं जमवण्यापासून बांधाचं भांडण मिटवण्यापर्यंत सगळ्यात पुढं. खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाले, "मॅडम, तुमचं त्ये परदेशी शास्त्र एकदम पटलं आमाला. आता तेवढं शेवटचं उरकूया."

"कसलं शेवटचं?"

"दोघांचं लावून टाकू की. तिला आता कोण पत्करणार? त्यानं डोळा घेतला, त्यानंच जलमभर सांभाळावं. जबाबदारी त्याची, भरपाई तिची आणि गावात शांतता. तुमीच तर म्हणालासा, गावानं बसून ठरवायचं."

त्या रविवारी दुकानाबाहेरच्या गर्दीला समजावताना मी ते म्हटलं होतं. जबाबदारी, भरपाई, गाव, सगळे माझेच शब्द होते. नानांनी फक्त एका ओळीत बसवले होते. यात चूक काय आहे हे मला अंगावर काटा येण्याइतकं कळत होतं. ते नानांना सांगायचं कसं, ते कळत नव्हतं. प्राध्यापकांनी गोल कसं बसायचं ते शिकवलं होतं. त्या गोलात नाना येऊन बसले तर काय करायचं, ते शिकवलं नव्हतं.

मी पुढच्याच एसटीनं गावात गेले. तवनाप्पा निम्मे राजी झाले होते. महावीरला विचारलं तर तो म्हणाला, "तुमी सगळी म्हणशीला तसं. शिक्षा म्हणून करतो."

सुनंदा कात्रीनं कापड कापत होती. कात्री थांबली नाही. "शिक्षा म्हणून माझा नवरा हुणार? आणि मी काय हुणार मग, जेल?" मग आतल्या दाराकडं वळून, वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डोळा गेलाय, आप्पा. अक्कल न्हाय गेली." आणि मला विचारलं, "ह्यास्नी तुमी सांगितलासा व्हय?"

"नाही गं."

"मग त्यांच्या डोक्यात आलं कुटनं?"

नानांना मी नंतर स्पष्ट सांगितलं, की असलं काही झालं तर मी कोर्टाला कळवीन. ते नाराज होऊन गेले. "मग तुमचं मिटवणं म्हंजे नक्की काय, त्ये तरी सांगा," असं जाताजाता म्हणाले. प्रश्न वाईट नव्हता.

पुढच्या सोमवारी महावीर दुकानासमोर सायकल धरून उभा राहिला. आत जावं की नाही, कळेना त्याला. सुनंदानं आतूनच सांगितलं, "सुया संपल्यात." तो आत गेला.

दिवाळीनंतर सुनंदा एकटी माझ्या कचेरीत आली. एका काचेला काळी पट्टी लावलेला चष्मा, हातात पिशवी. बसली आणि म्हणाली, "त्याला आता येऊ नको म्हणा."

"काही बोलला का? वागला वाईट?"

"न्हाय. लई चांगला वागतोय. त्येच."

तिनं पाण्याचा ग्लास रिकामा केला.

"पयल्यांदा तो आला की माझ्या अंगाची आग व्हायची. सोमवारची वाट बगायचो मी, खाली मान घालून बसल्याला त्याला बगायला. आता येतो, आईचे गुडघे दुखत्यात म्हणून सांगतो, मी च्या टाकतो. परवा तो गेला आणि मग मला आठवलं, की ह्यानंच माझा डोळा घालवलाय. मी इसरलोतो, मॅडम! म्हंजे डोळा गेला तो गेलाच. राग तरी माझा होता, तो पण तुमी काढून घेतलासा. तो सुधारला. तुमचं काम झालं. माझं काय झालं?"

बाहेर शिपाई कुणाला तरी 'मॅडम कामात आहेत' असं सांगत होता. मी कामात होते, पण कुठल्या, ते मला सांगता आलं नसतं. क्षमा चांगली, राग वाईट, असं लहानपणापासून ऐकत आले होते. आमच्या घरात तर बुद्धवंदना रोज व्हायची. समोरची बाई म्हणत होती, क्षमा माझ्याकडून चोरून नेली.

"तुला राग परत हवाय का?" मी विचारलं, आणि विचारल्यावर मलाच तो प्रश्न वेडगळ वाटला.

"ठाव न्हाय," ती म्हणाली. "पण तो सारखा समोर आला तर कळायचं न्हाय मला."

महावीरला मी कचेरीत बोलावून सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "काय चुकलं माझं?"

"काही नाही."

"मग का काढलं?"

"काढलं नाही रे. तिला नको आहे आता."

"म्हंजे फिटलं का?"

"फिटलं असं नाही म्हणता येणार."

"मग न्हाय फिटलं?"

मी त्याला म्हटलं, देखरेखीची मुदत आहे तोवर माझ्याकडं येऊन सही करत जा. तो हो म्हणाला. जिन्यावर बराच वेळ बसून राहिला होता, शिपायानं नंतर सांगितलं.

काही वर्षांनी, दोन हजारनंतर, मला पुण्यात नव्या अधिकाऱ्यांसमोर बोलायला बोलावलं. मी ही केस जशी झाली तशी सांगितली. पहिल्या रांगेतल्या एका तरुण अधिकाऱ्यानं विचारलं, "ही केस यशस्वी धरायची का?" एक ज्येष्ठ म्हणाले, "अर्थात. आरोपीनं पुन्हा गुन्हा केला नाही." दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, "साफ अपयशी. पीडितेनंच प्रक्रिया थांबवली." वाद चांगला रंगला. कुणी कॅनडाचा दाखला दिला, कुणी जपानचा. दिल्लीत तेव्हा फौजदारी कायदा सुधारण्याची चर्चा जोरात होती. कुणी म्हणत होतं शिक्षा कडक करा, कुणी म्हणत होतं पीडितांना खटल्यात जागा द्या. मला कुणी पुन्हा काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी दोन्ही बाजूंना मी मान डोलावली असती.

महावीरची मुदत केव्हाच संपली होती. माझा त्याच्यावरचा अधिकारही संपला. त्याचं लग्न झालं, शिरोळकडची मुलगी केली, हे त्याच्या आईनं एकदा एसटी स्टँडवर भेटल्यावर सांगितलं. नंतर पुन्हा भेटली तेव्हा म्हणाली, मुलगी झाली.

त्या वर्षी मी एका लग्नासाठी ब्लाउजपीस घेऊन मुद्दाम सुनंदाच्या दुकानात गेले. कोल्हापुरात शिंप्यांचा तोटा नव्हता. दुकान वाढलं होतं, दोन मशीनवर दोन मुली बसल्या होत्या. सुनंदानं मला उभं केलं, टेप काढली, माप घ्यायला सुरुवात केली. खांदा, बाही, पाठ. तोंडात टाचण्या धरलेल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. म्हणजे बोलत मीच होते, ती हुंकार देत होती. मला राहवेना. मी म्हटलं, "महावीरला मुलगी झाली, कळलं का?"

टेप माझ्या दंडाभोवती तशीच राहिली. तिनं एकेक करून तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि मनगटावरच्या गादीत खोचल्या.

"बरं झालं," ती म्हणाली. मग कुठल्याही बाळाबद्दल कुणीही विचारावं तसं विचारलं, "डोळे कुणावर गेल्यात?"

मी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिथं टोमणा होता की माया, मला ओळखू येईना. आयुष्यभर माणसं ओळखायचा पगार घेतला मी.

"मी पाहिली नाही अजून," मी म्हटलं.

"बगून या," सुनंदा म्हणाली, आणि माझा हात वर करून पुढचं माप घेऊ लागली.